साडेसातची गोळी

यादी लागली तेव्हा थोरली औषधांची ट्रॉली ढकलत होती. मेंदूविकाराच्या वॉर्डात एकोणीस वर्षं काढलेली बाई ती. तिला बातमी कुणी येऊन सांगावी लागत नसे, चेहरे बघूनच कळायची. त्या दिवशी कॉरिडॉरमधले चेहरे तिला पाहताच एकेक करून फायलींत घुसले, आणि तिने ओळखलं की बातमी आपल्याच कामाची आहे आणि ती चांगली नाही.

झालं होतं असं. त्यांच्या इस्पितळाने परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाशी करार केला होता. तिकडे पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी वेगळ्या नर्स असतात. हात का थरथरतो, पाय जमिनीला का चिकटतात, गोळी कुठल्या मिनिटाला द्यायची, घरच्यांना काय समजवायचं, एवढंच त्या आयुष्यभर बघतात. तशी एक नर्स इथे तयार करायची. तिने पाच महिने तिकडे राहून शिकायचं, परत येऊन क्लिनिक चालवायचं, आणि दर मंगळवारी पडद्यावरून तिकडच्या मोठ्या सिस्टरांशी अवघड रुग्णांबद्दल बोलायचं. जागा एक होती आणि अर्ज अकरा. थोरलीने अर्ज भरला तेव्हा वॉर्डातल्या मुली म्हणाल्या होत्या, "ताई, तुम्ही भरलात, मग आम्ही कशाला कागद फुकट घालवू?"

यादीवर नाव धाकटीचं होतं.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. आठ वर्षांनी लहान. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सहा वर्षं झालेली. नर्सिंगचा फॉर्म तिला थोरलीनेच भरायला लावला होता, पहिलं इंजेक्शन तिने थोरलीच्याच दंडावर टोचलं होतं आणि टोचून स्वतःच रडली होती.

"अगं, छान झालं की," थोरली सगळ्यांसमोर म्हणाली. मग औषधांच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं आणि नीट लावलेल्या बाटल्या पुन्हा एकदा नीट लावल्या.

या दोघींच्या वडिलांनाच पार्किन्सन्स होता, हे इस्पितळात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा किल्ल्या करायचे. चौकातल्या टपरीत चाळीस वर्षं बसून त्यांनी अख्ख्या वस्तीच्या किल्ल्या कापल्या. मग एका वर्षी गिऱ्हाइकं परत येऊ लागली. किल्ली लागत नाही म्हणून. बाबांनी मशीनला दोष दिला, पितळेला दिला, चष्म्याला दिला. हाताला दोष द्यायला त्यांना वर्षभर लागलं. त्याला आता सात वर्षं झाली होती. ती सातही वर्षं बाबा थोरलीकडे होते. धाकटीचा संसार चार गल्ल्या पलीकडे होता. ती रविवारी यायची, बाबांच्या गालाला गाल लावायची, आणि जायची. थोरलीने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायचं लोकांनी आता सोडून दिलं होतं.

मुलाखतीत काय झालं ते तिला मेट्रनबाईंकडून कळलं. बाई कौतुकाने सांगायला गेल्या आणि आगीत तेल ओतून बसल्या.

"तुझ्या बहिणीने त्या पट्ट्यांचं काय सुरेख सांगितलं गं! वडील दारात अडतात म्हणून जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, आणि पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय आपोआप उचलतो. तिकडच्या सिस्टर खूशच झाल्या."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पट्ट्या तिने चिकटवल्या होत्या. गुडघ्यांवर बसून, एकटीने, दोन पावलांमधलं अंतर बाबांच्या चपलेने मोजून. संध्याकाळी ती थेट धाकटीच्या घरी गेली, बसलीसुद्धा नाही.

"पट्ट्या कुणी चिकटवल्या म्हणून सांगितलंस?"

धाकटीला लगेच समजलं. "आम्ही घरी चिकटवल्या, असं म्हटलं."

"आम्ही कोण? मी जमिनीवर रांगत होते तेव्हा हे 'आम्ही' कुठे होतं?"

"ताई..."

"आयत्या बिळावर नागोबा!"

धाकटीने हातातला टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाली, "मला जायचं होतं. म्हणून म्हटलं. मला कळत होतं मी काय करतेय ते." तिने माफी मागितली असती तर थोरलीला भांडता आलं असतं. हे असं सरळ कबूल केल्यावर काय करायचं, ते तिला सुचलं नाही. ती तशीच परत फिरली.

पाच महिने धाकटीचे फोटो येत राहिले. बर्फात धाकटी, पांढऱ्याशुभ्र वॉर्डात धाकटी, तिकडच्या मोठ्या सिस्टरांच्या शेजारी धाकटी. बाबा फोन डोळ्यांजवळ नेऊन एकेक फोटो बघायचे, आणि त्यांचा हात थरथरत असल्यामुळे फोन थोरलीला धरावा लागायचा. असा धरून धरून तिने प्रत्येक फोटो बाबांइतकाच वेळ पाहिला.

धाकटी परतली. तिला तळमजल्यावर खोली मिळाली, दारावर पाटी लागली, चाकांची खुर्ची आली. थोरली कामापुरती तळमजल्यावर जायची, आणि त्या दारावरून जाताना बाहेरची माणसं मोजायची. आठ. अकरा. चौदा. ज्या म्हातारबुवांना तिने वॉर्डात वर्षानुवर्षं न्हाऊमाखू घातलं होतं ते तिच्यासमोर म्हणायचे, "खालच्या बाईंनी चालायचं काय तंत्र सांगितलंय, वा!" थोरली मूग गिळून ऐकायची. तंत्र म्हणजे काय, तर मनात ताल धरा आणि पाऊल टाका. हे ती पूर्वीपासून सांगत होती. पण पिकतं तिथे विकत नाही, तेच खरं.

सगळ्यात जिव्हारी लागले ते बाबा. क्लिनिकला जायच्या दिवशी त्यांनी सकाळी स्वतः दाढी केली. दोन ठिकाणी कापलं, पण केली. शर्टाची वरची गुंडी लावून घेतली. थोरलीबरोबर वॉर्डात तपासणीला जाताना या माणसाने कधी केसांवरून कंगवाही फिरवला नव्हता.

धाकटीने त्यांना चालवलं, उठबस करायला लावलं, अक्षर बघायला कागदावर त्यांची सही घेतली, आणि मग सात वर्षांचं सगळं खोदून खोदून विचारलं. सकाळच्या गोळीचा विषय निघाला तेव्हा तिचं पेन थांबलं.

"गोळी दुधाबरोबर?"

"पोटात जळजळतं त्यांच्या," थोरली म्हणाली.

"ताई, दुधातलं प्रोटीन आणि ही गोळी एकाच दारातून आत जायला भांडतात. दूध जिंकतं. गोळी साडेसातला नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास काही नाही. दूध रात्री दे हवं तर. सकाळी ते लाकडासारखे आखडतात ना, ते बहुतेक याच्यामुळेच."

"सात वर्षं मीच दिलंय त्यांना."

"हो ना. म्हणून तर तुलाच सांगतेय."

धाकटीने हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. पण थोरलीच्या कानात ते घरी पोचेपर्यंत वाजत राहिलं. म्हणजे सात वर्षं बाबा सकाळी लाकडासारखे होते ते हिच्या हातच्या दुधाने, आणि हे सांगायला पाच महिने बर्फात राहून आलेली बाई लागली!

दुसऱ्या दिवशी साडेसातला तिने गोळी काढली आणि दुधाचा पेला भरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. ती विसरली नव्हती. तिला समजलं नव्हतं असंही नाही; धाकटीचं बोलणं ऐकताक्षणीच तिला पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच ते सहन झालं नाही. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि ते दूध प्यायले. धाकटीने दिलेल्या तक्त्यात थोरलीने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: साडेसात, गोळी, पाणी.

असे सहा आठवडे गेले. दर मंगळवारी धाकटी तक्ता बघायची आणि कपाळाला आठ्या घालायची. "सगळं बरोबर चाललंय, मग सकाळ सुधारत का नाही?" थोरली म्हणायची, "आजारच तसा. तू तरी काय करणार?" आणि हे म्हणताना तिच्या पोटात जो गारवा पसरायचा, त्याची तिला घरी आल्यावर लाज वाटायची. पण मंगळवार आला की तो गारवा तिला पुन्हा हवा असायचा.

मग धाकटीने बाबांची केस पडद्यावर मांडली. तक्ता तिकडे गेला. तिकडच्या सिस्टर आणि इथले डॉक्टर यांचं बोलणं झालं. मुख्य गोळी वेळेवर, रिकाम्या पोटी जाऊनही पुरत नसेल तर दुसरी एक जोडून बघू, असं ठरलं. नव्या गोळीची चिठ्ठी थोरलीच्या हातात आली. त्या वेळी ती बोलू शकली असती. तिने चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि स्वतःला समजावलं, की छोटीशी तर गोळी आहे.

अकराव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात असताना बाबांनी हाक मारली.

"अगं, त्यांना बसायला दे काहीतरी. मघापासून उभे आहेत."

"कुणाला, बाबा?"

"ते दोघे." बाबांनी कपाटाकडे बोट केलं. "किल्ली करून घ्यायला आलेत. मी म्हटलं त्यांना, आता मी करत नाही. पण जात नाहीत. एकाच्या बुटाला चिखल आहे, जमीन पुसून घे नंतर."

कपाटाजवळ कुणीच नव्हतं. बाबा घाबरलेले नव्हते. उलट गिऱ्हाइकासमोर बसावं तसे ताठ बसले होते. घाबरली ती थोरली. अशी भुतावळ तिने वॉर्डात शंभरदा पाहिली होती. त्या नव्या गोळीने म्हाताऱ्या माणसांना हे होऊ शकतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. आणि ती गोळी बाबांना का लागली, हे सगळ्या जगात तिला एकटीलाच माहीत होतं.

तो मंगळवार होता. शेजारणीला बाबांजवळ बसवून ती सरळ तळमजल्यावर गेली. बैठक सुरू झाली होती. भिंतीवरच्या पडद्यात तिकडच्या मोठ्या सिस्टर, पांढरे आखूड केस, गळ्यात चष्मा. खोलीत धाकटी, डॉक्टर आणि मेट्रनबाई. थोरली दारातूनच बोलली, कारण आत जाऊन खुर्चीवर बसले तर बोलणं होणार नाही अशी तिला भीती वाटली.

"बाबांना माणसं दिसायला लागलीत. आज सकाळपासून."

धाकटी उठली. "नव्या गोळीने. पण इतक्या लवकर..."

"थांब. तक्त्यात पाणी लिहिलंय ना, ते पाणी नव्हतं. दूध होतं. पहिल्या दिवसापासून. भरलेला पेला."

पडद्यावरच्या सिस्टरांना भाषा कळत नव्हती, त्या एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांना सांगायचं काम धाकटीचं होतं. तिने सांगितलं, शब्दाला शब्द. फक्त 'माझी बहीण' असं म्हटलं नाही. 'रुग्णाची देखभाल करणारी व्यक्ती' असं म्हटलं. तेवढी परकी भाषा थोरलीला समजत होती.

मोठ्या सिस्टरांनी काहीतरी विचारलं. धाकटीने ते मराठीत आणलं, थोरलीकडे न बघता. "त्या विचारताहेत, की घरच्यांना हे नीट समजावून सांगायचं राहिलं का. आमच्या बाजूने."

सुटकेचं दार उघडंच होतं, थोरलीने नुसतं त्यातून बाहेर पडायचं होतं. हो म्हणाली असती तर ठपका धाकटीवर गेला असता आणि प्रकरण मिटलं असतं. महिन्यापूर्वी तिने ते केलंही असतं.

"नीट समजावलं होतं," ती म्हणाली. "मला समजलंही होतं. मला हिचं बरोबर ठरायला नको होतं, एवढंच."

धाकटी पडद्याकडे वळली. मग तिने तेही सांगितलं. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उपदेशाचा एक शब्दही न काढता त्या डॉक्टरांशी कामाचं बोलायला लागल्या: नवी गोळी टप्प्याटप्प्याने बंद, सकाळचं दूध बंद, रोजची नोंद गुरुवारपर्यंत पाठवा.

धाकटीने बहिणीला वाचवलं नाही. घडलेलं सगळं तिने फाइलीत लिहिलं आणि खाली सही केली. मेट्रनबाईंनी थोरलीला लेखी ताकीद दिली. पुढची दोन वर्षं कुठल्याही प्रशिक्षणाला अर्ज करायचा नाही. एकोणीस वर्षांच्या कोऱ्या कागदावर पहिला डाग पडला. थोरलीने सही केली. धाकटीच्या जागी आपण असतो तर आपणही हेच लिहिलं असतं, हे तिला कळत होतं, आणि तरीही त्या फाइलीतलं सुबक अक्षर बघून तिला वाटलंच, की अक्षरसुद्धा हिने सुधारलं की काय!

पुढचे तीन आठवडे धाकटी रोज सकाळी सात पंचविसला यायची. बेल वाजवायची, चपला काढायची, बाबांना स्वतःच्या हाताने गोळी आणि पाणी द्यायची, अर्धा तास बसायची, आणि थोरलीशी अवाक्षर न बोलता निघून जायची. चोरावर पहारा बसवावा तशी. थोरली स्वयंपाकघरात उभी राहून भांड्यांचा आवाज करायची.

बाबा मात्र सुधारले. माणसं दिवसेंदिवस फिकट होत गेली. एका सकाळी कपाटाकडे बघून ते म्हणाले, "गेले वाटतं. किल्ली न घेताच." त्यांना जरा चुटपुटच लागल्यासारखं वाटलं. पण आखडणं कमी झालं. आठ वाजता ते आता आपलं आपण उठून खिडकीपाशी जाऊ लागले.

एका सकाळी ते खिडकीपाशी उभे होते. धाकटी खुर्चीवर, थोरली दारात. दोघींच्या मधोमध ती रोजची शांतता. बाबांनाच ती असह्य झाली असावी.

"तिच्यावर एवढा राग धरून बसू नकोस गं," ते धाकटीला म्हणाले. "मला माहीत होतं की दूध नको."

"काय?" दोघी एकदम म्हणाल्या.

"तू मलाही सांगितलं होतंस ना क्लिनिकात. गोळी, पाणी, अर्धा तास. मी काय बहिरा आहे?"

"मग प्यायलात कशाला?" धाकटीचा आवाज चढला.

"हिने दिलं म्हणून."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू हिला बोलली असतीस."

पहिली भडकली ती धाकटी. "बाबा, दीड महिना! माझ्या डोक्याचा भुगा झाला! तुम्हाला ती दुसरी गोळी लागली, भुतं दिसली, तिकडचं अख्खं इस्पितळ तुमच्या सकाळच्या आखडण्यावर विचार करत होतं, आणि तुम्ही हिचं मन राखत होतात?"

"मन कसलं राखत होतात!" थोरलीही पुढे आली. "एकदा 'नको' म्हणाला असतात तर मी पेला तिथेच मोरीत ओतला असता. निदान माझ्या तोंडावर तरी म्हणायचं होतंत!"

"आता दोघी मलाच बोलताय."

"बोलणारच!" पुन्हा दोघी एकदम म्हणाल्या.

दहा मिनिटं त्यांनी म्हाताऱ्याला यथेच्छ झापलं. एकीचं वाक्य अर्धं राहिलं की दुसरी पुरं करत होती. बाबा खाली मान घालून ऐकत होते, आणि त्यांच्या त्या ताठ, हसू न फुटणाऱ्या चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. निघताना धाकटी दारात थांबली. "उद्या मी येत नाही," ती म्हणाली. "साडेसातला दे तू." चपला घालून झाल्यावर तिने मागे वळून न बघता आणखी एक सांगितलं. "मंगळवारी मी तिकडच्या सिस्टरांना लिहिलं. पट्ट्या कुणाच्या होत्या ते."

थोरलीने नुसता हुंकार दिला. तिला वाटलं होतं की हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. थोडा उतरला. सगळा नाही. दारावरची पाटी अजून धाकटीच्याच नावाची होती, आणि ती तिच्याच नावाची राहणार होती.

सहा महिन्यांनी धाकटीला दहा दिवसांसाठी पुन्हा तिकडे बोलावलं. क्लिनिक कोण बघणार हा प्रश्न आला. धाकटीने थोरलीचं नाव सुचवलं तेव्हा मेट्रनबाईंच्या भुवया केसांपर्यंत गेल्या.

"हिला? ताकीद विसरलीस?"

"घरची माणसं तक्त्यात काय काय खोटं लिहितात, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार, बाई?" धाकटी म्हणाली. मेट्रनबाईंना हसू आवरलं नाही, आणि तिथेच होकार मिळाला.

पहिल्याच दिवशी एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. आत आल्या आल्या त्यांचा चेहरा पडला. "नेहमीच्या बाई नाहीत?"

"नाहीत. मी त्यांची बहीण. बसा." थोरलीने त्यांचा तक्ता उघडला. सगळे रकाने भरलेले, एकही खाडाखोड नाही. तिने तो मिटून बाजूला ठेवला. "हे राहू द्या. घरी खरं काय होतं ते सांगा. मी कुणाला रागवत नाही."

गृहस्थ बायकोकडे बघू लागले. बायको जमिनीकडे. मग दोघं बोलायला लागली ती अर्धा तास थांबली नाहीत.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. आधी बाबांची चौकशी झाली, मग तिकडच्या थंडीची तक्रार, आणि मग सहज विचारल्यासारखं, "किती जण आले आज?"

"तेवीस."

"माझ्याकडे एकोणीसच्या वर कधी येत नाहीत," धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात एक बारीकशी टोचणी होती. इतर कुणाला ती ऐकूही आली नसती. थोरलीने मात्र ती लगेच ओळखली; जन्मभराची ओळख होती ती.

"येतील गं," ती म्हणाली. "तू परत ये, तुझ्याकडेही येतील." फोन ठेवून ती बाबांना चालायला बाहेर घेऊन गेली. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.